पश्चिमेच्या खिडक्या आणि नागपूरचा उन्हाळा: पडदा आतून लावावा की बाहेरून?

सावली_हवी | २ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात आईला जे सोसावं लागलं ते यंदा पुन्हा नको, म्हणून हा धागा काढते आहे.

मानेवाडा रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आईच्या खोलीला दोन खिडक्या, दोन्ही पश्चिमेला. प्रत्येक पाच फूट रुंद, चार फूट उंच. अॅल्युमिनियमचं स्लायडिंग, साधी काच, वर दीड फुटाचा छज्जा, बाहेर दीड फूट पुढे आलेलं बॉक्स ग्रिल. कूलर हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. आई शहात्तर वर्षांची आहे. दुपारभर ती याच खोलीत असते, कारण पायांमुळे तिला फार फिरता येत नाही.

गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून मागे चंदेरी अस्तर असलेले ब्लॅकआउट पडदे घेतले. खोलीत काळोख झाला, पण उकाडा तसाच राहिला. एकदा संध्याकाळी पाच वाजता पडद्यामागे हात घातला, तर इस्त्रीच्या कपड्याला हात लावावा तसं वाटलं. खिडकीचा कडप्पा इतका तापलेला की तळहात टेकवेना. रात्री दहा वाजता आईची गादी कोमट लागायची, आणि तीही त्या भिंतीकडच्याच बाजूला.

आता दुसरा दुकानदार झेब्रा ब्लाइंड घ्या म्हणतो. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण पुन्हा तीच चूक नको. कुणी नक्की सांगेल का काय लावावं?

वास्तुविचार | २ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पडद्यामागे हात भाजला, म्हणजे पडद्याने ऊन अडवलं. पण अडवलं ते काचेच्या आत.

सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो. पडद्यावर पडला की पडदा तापतो आणि मग तो स्वतः उष्णता फेकायला लागतो. ही उष्णता मात्र काचेतून सरळ बाहेर जाऊ शकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत होतं तेच खोलीत होतं. चंदेरी अस्तर थोडा प्रकाश परत पाठवतं, त्यामुळे पडदा नसण्यापेक्षा फरक नक्की पडतो, पण उरलेली सगळी उष्णता काच आणि पडदा यांच्यामधून वर सरकून खोलीतच येते.

आता छज्ज्याबद्दल. मेच्या सुरुवातीला दुपारी चार वाजता नागपुरात सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला असतो, क्षितिजापासून साधारण ३५ अंश वर. दीड फुटाच्या छज्ज्याची सावली त्या वेळी जेमतेम एक फूट खाली येते. पाच वाजता ती सात इंचांवर येते. चार फुटांच्या खिडकीला चार वाजता पूर्ण सावली हवी असेल तर साडेपाच फुटांहून लांब छज्जा लागेल. तेवढा कोणी बांधत नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्यामुळे तिथे दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरमध्ये सूर्य ४५ अंशांवर उतरतो आणि त्याच छज्ज्याखालून छान ऊन आत येतं. ते कधी अडवू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर गेलं होतं, तेव्हा दक्षिणेच्या खोल्यांची किंमत कळली.

तुमच्या एका खिडकीतून मेच्या दुपारी, आकाश स्वच्छ असेल तर, पाऊण ते एक किलोवॅट उष्णता आत येते. म्हणजे प्रत्येक खिडकीत हिवाळ्यातला खोली तापवायचा हीटर चालू ठेवल्यासारखं. दीड टनाचा एसी साधारण पाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला तिसरा हिस्सा तर या दोन खिडक्याच खातील.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतो. मध्यम रंगाचा, मागे पांढरं प्लास्टिक असलेला आतला पडदा उन्हाची उष्णता ३३ टक्के कमी करतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून लावलेली कापडी छपरी ७७ टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. भिंती, खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने प्रति चौरस मीटर १५ वॅटची मर्यादा घातली आहे, आणि तो हिशेब करताना खिडकीबाहेरचा आडोसा धरला जातो.

तेव्हा झेब्रा की रोमन की रोलर, हा प्रश्न नंतरचा. आधी काचेच्या बाहेर काय लावता येईल ते ठरवा.

वऱ्हाडी_माणूस | ३ एप्रिल, सकाळी ६:५०

काहून इतके पैसे घालून राहिले ताई? बुरुडाकडून बांबूची चिक, म्हंजे कामट्यांचा पडदा, करून घ्या अन् ग्रिलला बाहेरून टांगा. आमच्या अकोल्याच्या घरी आजोबांच्या वेळेपासून तेच आहे. ओसरीला चिक, अन् बैठकीच्या दाराला वाळ्याची ताटी. दुपारी ताटीवर पाणी मारायचं काम आम्हा पोरांचं. वारा आला की सगळं घर वाळ्याच्या वासानं भरून जाय.

पण ताटीला वारा लागते, अन् दर तासाला पाणी मारणारा माणूस लागते. तिसऱ्या मजल्यावर ते जमणार नाही. चिक जमते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ होतं ना, त्या दिवशी मी तिथंच होतो, मामाकडे. त्यांच्या पश्चिमेच्या व्हरांड्याला चिक होती. आम्ही दुपारी तिथंच जेवलो.

सावली_हवी | ३ एप्रिल, रात्री ८:१५

वास्तुविचार, किती नीट समजावलंत. दीड फुटाचा छज्जा आहे, म्हणजे सोय झाली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तीन शंका आहेत. आमच्या सोसायटीत बाहेरून काही लावायला सेक्रेटरींची परवानगी लागते. दुसरी वाऱ्याची. एप्रिल-मेमधलं अवकाळी वादळ तिसऱ्या मजल्यावर जोरात लागतं. आणि तिसरी कूलरची. दुपारी आम्ही आईच्या खोलीच्या खिडक्या घट्ट बंद ठेवतो, गरम हवा येऊ नये म्हणून. तरी त्या खोलीपर्यंत कूलरचा गारवा पोचत नाही. हे पडद्यामुळे होतंय का?

कूलरवाला_भाऊ | ३ एप्रिल, रात्री ९:३०

ताई, पडद्यामुळे नाही, बंद खिडक्यांमुळे होतंय. वीस वर्षं कूलर दुरुस्त करतो आहे आणि निम्म्या घरांत हीच तक्रार ऐकतो.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून घरात ढकलतो. जेवढी हवा आत आली तेवढी कुठून तरी बाहेर जायला पाहिजे. जागाच नसेल तर हवा हॉलमध्येच घुटमळते, दमट होते, अंग चिकट होतं. मग लोक म्हणतात कूलर काम करत नाही.

ज्या खोलीत गारवा हवा त्या खोलीची लांबची खिडकी वीतभर उघडी ठेवा. हॉलमधून गार हवा आईच्या खोलीत शिरेल आणि तिथली गरम हवा सोबत घेऊन त्या खिडकीतून निघून जाईल. हॉलच्या बाकी खिडक्या तेवढ्या बंद ठेवा.

आणि इथेच बाहेरच्या चिकेचा मोठा फायदा आहे. आतला जाड पडदा खिडकीवर चिकटला की हवेची वाट बंद होते. चिक काचेपासून दीड फूट लांब असेल तर पल्ला उघडा ठेवला तरी ऊन आत येत नाही, हवा मात्र जाते. पंपाचं पाणी आणि ताट्या यंदा एकदा बघून घ्या. ताट्या पांढऱ्या, कडक झाल्या असतील तर बदला. त्यावर क्षार बसले की हवा ओढली जात नाही.

पडदेघर | ४ एप्रिल, दुपारी १२:२०

मी अमरावतीला पडदे आणि ब्लाइंडचंच काम करतो, तरी स्पष्ट लिहितो. झेब्रा ब्लाइंडमध्ये एक पट्टा जाळीदार, एक जाड असतो. पट्टे एकमेकांवर सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो, दिसायला फार सुरेख. उत्तरेच्या बैठकीच्या खोलीला मी स्वतः सुचवतो. पश्चिमेच्या उन्हाला मात्र तो उपाय नाही.

आतून काही लावायचंच असेल तर सनस्क्रीन कापडाचा रोलर बघा. त्याच्या विणीतल्या भोकांचं प्रमाण टक्क्यांत सांगतात: १, ३, ५, १०. पश्चिमेला ३ च्या वर जाऊ नका. आतून लावताना काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी घ्या, म्हणजे जमेल तेवढं ऊन काचेतूनच परत जाईल. गडद कापडातून बाहेरचं स्पष्ट दिसतं आणि डोळ्यांवर चकाकी येत नाही, पण ते तापतं. हेच कापड खिडकीबाहेर लावलं तर गडद चालतं, कारण तापलं तरी ती उष्णता बाहेरच राहते.

मापाबद्दल एक गोष्ट. चौकटीच्या आत बसवलेल्या रोलरला दोन्ही बाजूंनी फट राहतेच, कारण कापड नळीपेक्षा अरुंद असतं. झोपायच्या खोलीत चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवून घ्या आणि दोन्हीकडे तीन-चार इंच जास्तीचं कापड ठेवा. हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

नवा_भाडेकरू | ४ एप्रिल, दुपारी ३:०५

भाड्याच्या घरात बाहेरून काही टांगता येत नाही. काचेला काळी फिल्म लावली तर? आणि चंदेरी फॉइल आतून चिकटवलेली पण बघतो बऱ्याच घरांत.

वास्तुविचार | ४ एप्रिल, सायंकाळी ६:४०

जपून. साधी, म्हणजे टफन (तापवून मजबूत) न केलेली काच असेल तर गडद फिल्मने ती खूप तापते. मधला भाग उन्हात तापतो, कडा चौकटीत थंड राहतात, आणि त्या ताणाने काचेला कडेपासून तडा जातो. काचेला आतून चिकटवलेल्या फॉइलनेही हा धोका असतो. फिल्म घ्यायचीच तर उष्णता शोषणारी काळी नको, परावर्तन करणारी फिकट घ्या, आणि आपल्या काचेला ती चालते का ते लावणाऱ्याकडून लिहून घ्या.

उत्तरा | ४ एप्रिल, रात्री १०:१०

हे माझ्या घरी घडलेलं आहे. बैठकीच्या मोठ्या काचेला गडद फिल्म लावून घेतली, तिसऱ्या आठवड्यात दुपारी जेवताना टक् असा आवाज आला आणि कोपऱ्यापासून वरपर्यंत वेडीवाकडी चीर गेली. लावणाऱ्याने हात वर केले. काच बदलायचा खर्च फिल्मच्या तिप्पट आला. सगळ्यात वाईट म्हणजे माझा धाकटा त्याच खिडकीखाली खेळत होता. काच खाली आली नाही हे नशीब. कृपया विचारल्याशिवाय लावू नका.

भाडेकरूंसाठी: ग्रिलला आतून हात पोचत असेल तर पांढरी किंवा हिरवी शेडनेट (सावलीची जाळी), ७५ टक्के ऊन अडवणारी, प्लास्टिकच्या टायने बांधा. खिळा नाही, भोक नाही, घर सोडताना कापून काढता येते. मी आता तेच केलं आहे.

फिनिक्सहून | ५ एप्रिल, सकाळी ८:३०

मी मूळची यवतमाळची, गेली अकरा वर्षं अॅरिझोनात आहे. इथला उन्हाळा कोरडा, आपल्या विदर्भासारखाच, फक्त लांबलेला. इथे घराघरांच्या खिडक्यांवर बाहेरून गडद जाळीच्या चौकटी बसवलेल्या दिसतात. ८० किंवा ९० टक्के ऊन अडवणाऱ्या. आल्या आल्या मला त्या मच्छरजाळ्याच वाटल्या होत्या. हिवाळ्यात ऊन हवं म्हणून लोक त्या काढूनही ठेवतात. वऱ्हाडी_माणूस यांचं वाचून यवतमाळच्या ओसरीची चिक आठवली आणि गलबलून आलं.

रत्नागिरीकर | ५ एप्रिल, दुपारी १:००

चर्चा उत्तम चालली आहे, पण कोकणातल्या वाचकांनी हे जसंच्या तसं उचलू नये. आमच्याकडे घाम वाळत नाही हा खरा त्रास. कूलर इथे निरुपयोगी आहे. वारा अडेल असं काहीही खिडकीला नको, म्हणून दाट नेटपेक्षा तिरप्या पट्ट्यांची झडप बरी. आणि जूनच्या आधी बाहेरचा बांबू काढून कोरड्या जागी ठेवा, नाहीतर चार महिन्यांत बुरशीने काळा पडतो. वेल चढवलात तर सर्वांत उत्तम. आमच्या पश्चिमेला कृष्णकमळ आहे, त्याच्या मागची भिंत दुपारीही हाताला गार लागते.

सावली_हवी | २१ एप्रिल, रात्री ९:००

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. सेक्रेटरी काकांना आईची खोली दुपारी साडेचारला दाखवली. दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, ग्रिलच्या आतल्या बाजूने, बांबूच्या रंगाची लावा, मी सही करतो. माझं एवढंच म्हणणं आहे की परवानगी दुपारी साडेचारलाच मागावी.

बुरूड काकांकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, कामट्या बारीक की जाड? मला काही कळेना. त्यांनी दोन तुकडे उन्हात धरून दाखवले. बारीक कामट्यांच्या चिकेची सावली दाट आणि मऊ पडत होती, जाड कामट्यांच्या मधून उन्हाचे पट्टे येत होते. बारीक घेतली. सुतळीऐवजी नायलॉनच्या दोरीने विणून मागितली, कारण सुतळी उन्हाने दोन वर्षांत कुजते असं त्यांनीच सांगितलं. किंमत झेब्रा ब्लाइंडच्या पावपट.

मुद्दाम आधी एकाच खिडकीला लावली, दुसरीला जुना ब्लॅकआउट तसाच ठेवला. आठवडाभर रोज पाच वाजता दोन्ही कडप्प्यांवर हात ठेवून बघत होते. ब्लॅकआउटवाल्या खिडकीचा कडप्पा गेल्या वर्षीसारखाच. चिकेमागचा नुसता कोमट. कूलरवाला_भाऊंच्या सांगण्याप्रमाणे चिकेमागचा पल्ला वीतभर उघडला आणि हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात खोलीच्या दारातला पातळ पडदा आतल्या बाजूला फुगून राहिला. म्हणजे हवा खरंच खोलीतून वाहत होती.

उजेडाचा विचार मी केलाच नव्हता. गेल्या वर्षी दुपारभर आई अंधारात बसायची, वेळेचा अंदाजच जायचा तिचा. आता चिकेतून पिवळसर मऊ उजेड येतो आणि ती पेपर वाचते. काल म्हणाली, समोरच्या कडुनिंबाला नवी पालवी आली आहे, तुला दिसली का? मला दिसली नव्हती. दुसऱ्या खिडकीची चिक रविवारी येते आहे.

सावली_हवी | २९ एप्रिल, सकाळी ७:१०

परवाच्या वादळाने धडा दिला, तो सांगते. चिका फक्त वरून दोन हुकांना टांगल्या होत्या. रात्री दोन वाजता वारा सुटला आणि खालची काठी ग्रिलवर धाड धाड आपटायला लागली. आई घाबरून उठून बसली. सकाळी बघितलं तर एकीच्या खालच्या चार कामट्या मोडल्या होत्या.

आता दोन्ही बाजूंना मध्ये आणि खाली अशा दोरीच्या गाठी ग्रिलला मारते. सूर्य मावळला की गाठी सोडून चिक गुंडाळून वर बांधते.

वास्तुविचार | २९ एप्रिल, सकाळी ९:४५

संध्याकाळी गुंडाळणं वादळाशिवायही आवश्यक आहे. दिवसभर तापलेली भिंत आणि ग्रिलचं लोखंड रात्री उष्णता सोडतात, तेव्हा त्यांना उघडं आकाश हवं असतं. साडेआठ-नऊनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की दोन्ही पल्ले पूर्ण उघडा आणि सकाळी सातच्या आत पुन्हा लावून घ्या.

वऱ्हाडी_माणूस | २९ एप्रिल, सकाळी १०:३०

मोडलेल्या कामट्या फेकू नका ताई. बुरूड तेवढ्याच बदलून देते.

सावली_हवी | १३ मे, रात्री ८:५०

दिल्या बदलून, वीस मिनिटांत. पैसेही घेत नव्हते.

एक नवीन गोष्ट दिसते आहे. एप्रिलमध्ये चिक खिडकीच्या नेमक्या मापाची पुरत होती. आता साडेपाचच्या सुमारास उजव्या बाजूने, चिक आणि भिंत यांच्या मधून, चार बोटं रुंद उन्हाची पट्टी आत येते आणि नेमकी आईच्या पावलांवर पडते. गेल्या आठवड्यात ती दोन बोटं होती. माझं माप चुकलं का?

वास्तुविचार | १३ मे, रात्री ९:२५

माप बरोबर होतं, सूर्य सरकला. २१ जूनपर्यंत तो मावळताना रोज थोडा थोडा उत्तरेकडे जातो, म्हणजे खिडकीतून बघताना तुमच्या उजवीकडे. चिक काचेपासून दीड फूट पुढे असल्यामुळे त्या फटीतून तिरपं ऊन येतं. ही पट्टी जूनमध्ये मावळतीच्या सुमारास आठ-नऊ इंचांची होईल. समोरची चिक रुंद करायची गरज नाही. बॉक्स ग्रिलची उत्तरेकडची बाजूच झाका.

सावली_हवी | १४ मे, दुपारी २:००

आत्ता बुरूड काकांना दीड फूट रुंद, चार फूट उंच अशा दोन पट्ट्या सांगून आले. मंगळवारी मिळतील. तोवर त्या बाजूला बाबांचं जुनं पांढरं धोतर चौपदरी करून ग्रिलला बांधलं आहे.